तळे दुपारी भरते आणि रात्री रिकामे होते

गेल्या मे महिन्यात आमच्या शेततळ्याचे पाणी रोज दुपारी सुमारे साडेआठ सेंटीमीटर वर चढत असे आणि पहाटेपर्यंत परत खाली उतरत असे. निदान माझ्या लॅपटॉपवरचा आलेख तरी तसे दाखवत होता. वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात तेव्हा पारा ४५ अंशांवर होता, नाला केव्हाच आटला होता, आणि तळ्याच्या मध्यात रोवलेल्या लोखंडी अँगलवर मी बसवलेला अल्ट्रासॉनिक सेन्सर मात्र आकाशातून की पाताळातून कुठून तरी रोज पाणी आणून ओतत होता. बाबांनी आलेख नीट पाहिला, चष्मा काढला आणि विचारले, "तुह्यं यंत्र म्हंते का तळं दुपारी भरते. मंग रातीनं ते पाणी जाते कुठी?"

मी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो आणि सिग्नल प्रोसेसिंगच्या, म्हणजे यंत्रांच्या वाचनांतून हवी ती माहिती वेगळी काढण्याच्या, तासाला अंदाजाचे शास्त्र, म्हणजे पाठ्यपुस्तकी भाषेत 'आकलन', फळ्यावर बरीच वर्षे मांडत आलो आहे. बाबांच्या त्या प्रश्नाने माझ्यासाठी तो विषय नव्याने सुरू झाला, म्हणून हे लिहितो आहे.

घडले होते ते असे. हा सेन्सर ४० किलोहर्ट्झचा, कानाला ऐकू न येणारा ध्वनी सोडतो, पाण्यावरून परत आलेला प्रतिध्वनी पकडतो आणि मध्ये गेलेल्या वेळेवरून अंतर काढतो. त्यासाठी हवेतला ध्वनीचा वेग ठाऊक असावा लागतो. मी प्रोग्रॅममध्ये सेकंदाला ३४३ मीटर हा आकडा टाकून मोकळा झालो होतो, आणि तो आकडा २० अंश सेल्सिअसचा आहे. आमच्याकडे मे महिन्यात २० अंश पहाटेलाही नसतात. ४५ अंशांना ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३५८.५ मीटर होतो, प्रतिध्वनी लवकर परततो, आणि माझ्या गणिताला वाटते की पाणी जवळ आले आहे. सेन्सरपासून पाणी खरोखर ३ मीटर खाली असताना भर दुपारी यंत्र २८७ सेंटीमीटर सांगते, आणि पहाटे २८ अंशांना तेच २९५.५ सांगते. तळे भरण्या-आटण्याचे सगळे नाटक एवढ्या फरकात होते.

यातली खरी लाज वेगळीच आहे. वाचनांमधली अस्थिरता घालवण्यासाठी मी दर दहा मिनिटांनी दोनशे वाचने घेऊन त्यांची सरासरी काढत होतो आणि त्या सरासरीच्या स्थिरपणावर खूश होतो. चूक दोन जातीची असते. एक विखुरलेली चूक, जी कधी वर कधी खाली पडते आणि सरासरीने कमी होते; तीही वाचनांच्या वर्गमुळाच्या हिशेबाने, म्हणजे चूक निम्मी करायची तर वाचने चौपट घ्यावी लागतात. दुसरी कलती चूक, जी सगळ्या वाचनांना एकाच दिशेने ओढते. तिच्यापुढे दोनशे काय, दोन लाख वाचनांची सरासरीही हतबल असते. उलट वाचने जितकी अधिक, तितका चुकीच्या आकड्यावरचा आपला विश्वास घट्ट होत जातो. शिवाय लागोपाठ घेतलेली दोनशे वाचने ही दोनशे स्वतंत्र साक्षी नसतात. एकाच माणसाला दहा वेळा विचारल्याने दहा साक्षीदार होत नाहीत, ही गोष्ट पोलीस पाटलालाही कळते. मला मात्र ती आलेखात दिसायला तीन आठवडे लागले.

त्या तीन आठवड्यांत आणखी एक पाहुणा आला. अँगलवर सेन्सरच्या खाली एक आडवी पट्टी बांधलेली होती आणि तिच्यावर खंड्या पक्षी मासळीच्या आशेने येऊन बसत असे. तो बसला की यंत्र त्याच्या पाठीचे अंतर मोजायचे. एका सकाळची नऊ वाचने मी वहीत उतरवून ठेवली आहेत: २१४, २१५, २१३, २१४, २१६, २१५, ८७, २१४, २१३. यांची सरासरी २००.१ येते, जिथे पाणीही नाही आणि पक्षीही नाही. तीच वाचने चढत्या क्रमाने लावून मधले घेतले, म्हणजे मध्यक काढला, तर २१४ मिळते आणि खंड्याचा प्रश्न मिटतो. सरासरी म्हणजे वाचनांपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत लहान करणारा आकडा, आणि मध्यक म्हणजे अधिक-उणे न पाहता घेतलेल्या साध्या फरकांची बेरीज सर्वांत लहान करणारा आकडा. वर्ग केला की मोठी चूक राक्षसासारखी वाढते आणि एकटी सगळ्यांना आपल्याकडे खेचते.

गंमत अशी की या दोघांत आधी आली ती साध्या फरकांची कल्पना. बॉस्कोविच या विद्वानाने १७५७ च्या सुमारास पृथ्वीच्या आकाराच्या मोजणीत ती वापरली होती. वर्गांची पद्धत फ्रेंच गणिती लेजांद्रने १८०५ मध्ये छापली आणि जर्मन गणिती गाउसने १८०९ मध्ये, 'मी ती १७९५ पासून वापरतो आहे' अशा दाव्यासह. तिची कीर्ती झाली ती सेरेसमुळे. १ जानेवारी १८०१ रोजी खगोलज्ञ पियात्सीला इटलीतल्या पालेर्मोहून दिसलेला हा लघुग्रह काही आठवड्यांतच सूर्याच्या उजेडात हरवला; मोजक्या निरीक्षणांवरून गाउसने त्याची कक्षा काढली, आणि वर्षाअखेर तो त्याने सांगितलेल्या जागेच्या आसपासच पुन्हा सापडला. वर्गांची पद्धत जिंकली त्यामागे एक व्यवहारी कारणही होते: तिचे समीकरण कागदावर सुटते, मध्यकाचे सुटत नाही. आज संगणकाला दोन्ही सारखेच, तरी हाताला लागलेली सवय सुटत नाही, आणि माझीही सुटली नव्हती.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. समजा आतापर्यंतच्या हिशेबाने पाणी सेन्सरपासून २१४ सेंटीमीटरवर आहे आणि या अंदाजात साधारण २ सेंटीमीटर इकडेतिकडे होऊ शकते. वाऱ्याच्या दुपारी, पाण्यावर लाटा उठत असताना, नवे वाचन २२० आले, आणि अशा दुपारच्या वाचनात ४ सेंटीमीटर इकडेतिकडे होते हे मला अनुभवाने ठाऊक आहे. मग खरे काय मानावे? जुन्यावर अडून राहणे हा हट्ट झाला आणि नव्यामागे धावणे हा उतावीळपणा. दोन्ही चुकांचे वर्ग घ्यावेत, ४ आणि १६. त्यांच्या बेरजेत जुन्या अंदाजाच्या चुकीचा वाटा किती ते काढावे, ४ भागिले २०, म्हणजे ०.२. फरक ६ सेंटीमीटरचा आहे, त्याचा पाचवा हिस्सा १.२, तेवढेच नव्याकडे सरकावे. नवा अंदाज २१५.२ होतो आणि त्यातली अनिश्चितता २ वरून सुमारे १.८ वर येते. वाचन जुन्यापेक्षा वाईट असूनही त्याने अंदाज किंचित सुधारलाच. पुढच्या वाचनापर्यंत बाष्पीभवनाने पाणी उतरणार, आमच्याकडे मे महिन्यात रोज साधारण एक सेंटीमीटर. तेवढे अंतर वाढवायचे, त्या भाकिताची म्हणून थोडी अनिश्चितताही वाढवायची, आणि पुन्हा तेच करायचे.

रुडॉल्फ काल्मान यांनी १९६० साली यंत्र अभियांत्रिकीच्या एका नियतकालिकात छापलेली जी पद्धत काल्मान फिल्टर, म्हणजे डगमगत्या वाचनांतून खरा आकडा गाळून काढणारे गणित, म्हणून ओळखली जाते, तिचा गाभा एवढाच आहे. त्याआधी गणिती नॉर्बर्ट वीनर यांनी दुसऱ्या महायुद्धात विमानविरोधी तोफांच्या निमित्ताने याच प्रश्नाचे उत्तर काढले होते, पण त्यात गणिताची मांडणी मागचा सगळा इतिहास हाताशी धरून होती. काल्मान यांच्या पद्धतीत मागचे सगळे एका अंदाजात आणि एका अनिश्चिततेत साठवलेले असते, जुनी वाचने फेकून देता येतात. म्हणून नासाच्या एम्स केंद्रातल्या स्टॅनली श्मिट यांना ती चंद्रावर जाणाऱ्या यानाच्या दिशादर्शनासाठी भावली आणि अपोलोच्या तुटपुंज्या स्मृतीच्या संगणकात ती मावली. आज खिशातल्या फोनचे जीपीएस किमान चार उपग्रहांच्या वेळा जुळवून जागा काढते, त्यामागेही बहुधा हाच हिशेब चालू असतो.

या विषयात मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट थॉमस कैलाथ यांच्या लेखनातून मिळाली. १९३५ साली पुण्यात जन्मलेल्या, तिथल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून अमेरिकेला गेलेल्या या प्राध्यापकांनी १९६८ मध्ये हा सगळा प्रश्न 'नव्या' भागाच्या नजरेने मांडला. प्रत्येक वाचनातून आपण आधीच वर्तवलेला भाग वजा करा. उरेल ते खरोखरचे नवे. फिल्टर बरोबर चालत असेल तर या उरलेल्या आकड्यांत कोणताही आकृतिबंध दिसता कामा नये, ते निव्वळ खळखळाटासारखे असले पाहिजेत. मी माझ्या तळ्याचे उरलेले आकडे काढले, तेव्हा त्यांत रोज दुपारी तीनला एक टेकाड आणि पहाटे पाचला एक खड्डा स्पष्ट दिसला. पातळीच्या आलेखात हे दुपारचे पाणी बाष्पीभवन, लाटा, उपसा यांच्या गर्दीत खपून जात होते. उरलेल्या आकड्यांत ते उघडे पडले. दोनशे रुपयांचा तापमापक जोडला, वेग तापमानाप्रमाणे बदलला, आणि टेकाड बसले.

तरीही सुरुवातीला मी आणखी एक चूक करून बसलो. बाष्पीभवनाचा हिशेब इतका नीटस वाटला की पातळीच्या स्वतःच्या बदलाची अनिश्चितता मी जवळजवळ शून्य धरली. बाबांनी एका सकाळी मोटर लावून संत्र्याच्या झाडांना पाणी दिले, तळे पंचवीस सेंटीमीटर उतरले, आणि माझा फिल्टर मात्र तीन दिवस जुन्या पातळीला चिकटून बसला. त्याच्या दृष्टीने सगळी नवी वाचने खोटी होती, कारण तळे असे बदलूच शकत नाही हे मीच त्याला सांगून ठेवले होते. म्हणजे सगळे काही एका गुणोत्तरावर ठरते: मोजणारे यंत्र किती डगमगते, आणि जे मोजायचे ते स्वतः किती बदलते. हे गुणोत्तर बरोबर असेल तर साधे गणितही चालते. ते चुकले तर काल्मान आणि वीनर दोघेही शेतात येऊन काही करू शकत नाहीत.

यंत्राचा डगमगाट मी मोजू शकलो. सेन्सरसमोर पक्की फळी लावली, टेपने अंतर मोजले, दोनशे वाचने घेतली. विखुरणे जेमतेम एक सेंटीमीटर निघाले. मग पहाटेच्या शांत पाण्यावर आणि दुपारच्या लाटांवर तासभर तेच केले. फळी हलत नव्हती, म्हणून जे हलले ते यंत्राचे होते हे नक्की होते. सिग्नलवाल्यांचे हे भाग्य आहे, आणि ते भाग्य आहे हे आम्हांला बहुतेकदा कळतही नाही.

आता गावातल्या दुसऱ्या अंदाजाकडे वळतो. दरवर्षी आमच्याकडे खरिपाची पैसेवारी, म्हणजे नेहमीच्या पिकाच्या तुलनेत यंदा रुपयामागे किती पैसे पीक आले याचा सरकारी अंदाज, तीनदा जाहीर होते: सप्टेंबर अखेर नजरअंदाज, ऑक्टोबर अखेर सुधारित आणि आमच्या नागपूर-अमरावती विभागांत डिसेंबर अखेर अंतिम. ही तीन नावे मला फार आवडतात. डोळ्यांनी पाहून केलेला पहिला अंदाज, मग पीक हाती येऊ लागल्यावरची दुरुस्ती, मग कापणीनंतरचा आकडा. काल्मान फिल्टर याहून वेगळे काय करतो? पण एक फरक आहे आणि तो लहान नाही. तिन्ही वेळा फक्त आकडा येतो, त्याची अनिश्चितता येत नाही. पन्नास पैशांच्या आत की बाहेर यावर गावाचे पुष्कळ काही अवलंबून असते. अंदाजात पाच पैशांची डगमग असेल, तर ४८ आणि ५२ यांच्यात सांगण्यासारखा फरक नाही. पण एका गावाला सवलत लागू होते आणि शिवेपलीकडच्या गावाला होत नाही. पहिल्या आकड्यावरून दुसऱ्याकडे जाताना नजरेला किती वजन दिले आणि कापणीला किती, हेही कुठे लिहिलेले नसते.

कापणीचा आकडा तरी निर्विवाद असतो का? या प्रश्नावर आपल्या देशात झालेला वाद आजही वाचण्यासारखा आहे. हबॅक नावाच्या सनदी अधिकाऱ्याने १९२३ ते १९२५ या काळात बिहार-ओडिशात भाताच्या शेतांतून नमुन्याचे तुकडे कापून उत्पन्नाचा अंदाज काढला. पुढे संख्याशास्त्रज्ञ महालनोबीस यांनी १९३७ पासून बंगालमध्ये तागाची मोठी पाहणी केली. महालनोबीस यांचा भर लहान तुकड्यांवर होता: तुकडे लहान असले की तेवढ्याच खर्चात जास्त ठिकाणी पोचता येते आणि विखुरलेली चूक कमी होते. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४६ मध्ये दाखवून दिले की फार लहान तुकड्यांमधून उत्पन्न पद्धतशीरपणे जास्त येते. कारण शेतात उभे राहिल्याशिवाय सुचणार नाही असे आहे. दोरीच्या कडेवरचे झाड आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात आतच वळतो.

मी आमच्या सोयाबीनमध्ये हे करून पाहिले. १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद आयत आखला. चारही बाजूंनी पाच-पाच सेंटीमीटर जास्त कापले गेले, तर क्षेत्र ५० ऐवजी ५१.५१ चौरस मीटर होते, म्हणजे तीन टक्के चूक. तेच पाच सेंटीमीटर एक मीटरच्या चौकोनाला लागले, तर क्षेत्र १.२१ होते, एकवीस टक्के. सोयाबीनच्या दोन ओळींत दीड फूट अंतर असते, तिथे पाच सेंटीमीटर म्हणजे काहीच नव्हे. कापायला आलेल्या बायांपैकी एकीने दोरी हाताने सरकवून शेंगांनी लगडलेले एक झाड आत घेतले आणि माझ्याकडे पाहून हसली. तिचा हेतू वाईट नव्हता, लगडलेले झाड सोडवत नाही एवढेच. लहान तुकड्यांनी विखुरलेली चूक कमी करायला जावे आणि कलती चूक पदरात पडावी, ही माझ्या दोनशे वाचनांचीच गोष्ट झाली. आज पीकविम्यात नुकसान ठरते ते उंबरठा उत्पादनाशी तुलना करून, आणि तो उंबरठा मागच्या सात वर्षांच्या अशाच कापण्यांच्या आकड्यांवर उभा असतो. म्हणजे दोरीची चूक फक्त यंदाच्या आकड्यात नाही, ज्याच्याशी तो ताडून पाहायचा त्यातही मुरलेली आहे. दोन्हीकडे ती सारखी असेल तर बरे, पण दोरी धरणारे हात दरवर्षी सारखे नसतात.

बाजाराच्या आकड्यांत तर फळीही नसते. मी एका हंगामात हिंगणघाटच्या बाजारातली कापसाची रोजची आवक आणि भाव वहीत उतरवून घेतले. आवक वाढली की भाव किती पडतो, हे एका रेषेत काढावे असा साधा विचार होता. रेषा जवळजवळ आडवी आली, थोडी वरच चढली. आवक वाढल्याने भाव पडतो हे खोटे आहे का? नाही. पण भाव वाढला की घरात थप्पी लावून ठेवलेला कापूस लोक बाहेर काढतात आणि आवक वाढते, हेही तितकेच खरे आहे. दोन ओढी एकमेकींविरुद्ध चालतात आणि आपल्याला दिसतो तो फक्त दोघींच्या भांडणाचा निकाल. तळ्याने माझ्या सेन्सरकडे पाहून पातळी बदलली नव्हती. शेतकरी मात्र भावाकडे पाहूनच गाडी जुंपतो. अर्थशास्त्रज्ञ एल्मर वर्किंग यांनी १९२७ मध्ये हाच प्रश्न विचारला होता की मागणीची म्हणून काढलेली रेषा नेमकी कशाची असते.

याचे उत्तर १९२८ मध्ये अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ फिलिप राइट यांनी दिले, आणि ते वनस्पती व प्राणिज तेलांवरच्या आयात जकातीबद्दलच्या पुस्तकाच्या परिशिष्टात. उदाहरण होते जवसाचे, जे आमच्या आजीच्या काळात इथल्या प्रत्येक शेतात पेरले जात असे आणि आता चटणीपुरतेही विकत आणावे लागते. राइट यांनी सांगितले की मागणीला हात न लावता फक्त पुरवठा हलवणारी एखादी गोष्ट शोधा, जसे हवामानावर अवलंबून असलेले एकरी उत्पन्न. तिच्यामुळे भावात आणि मालात जो फरक पडतो तेवढाच घेऊन मागणीची रेषा काढा. बाकीचा भाग सोडून द्या. अर्थशास्त्रात याला पुढे साधनचल म्हणू लागले. सगळी माहिती वापरायची नाही, फक्त स्वच्छ तेवढी वापरायची, हे मला पक्ष्याचे वाचन वगळण्यासारखेच वाटते, फक्त इथे स्वच्छ कोणते हे डोळ्यांना दिसत नाही.

मी मोठ्या उत्साहाने पाऊस हे साधन धरले. अवकाळी पाऊस आला की पांदण चिखलाने भरते, गाड्या निघत नाहीत, आवक घटते. गिरण्यांच्या मागणीचा आमच्या पांदणीशी काय संबंध? बाबांनी पुन्हा मध्येच टोकले, "पाण्यानं वला झालेला कापूस कोन घेईन त्याच भावात?" खरे होते. हमीभावाच्या खरेदीतही ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भावात कपात होते आणि १२ टक्क्यांच्या वर गेला की माल घेतच नाहीत. पाऊस आवकेवाटेही भावाला धक्का देतो आणि प्रतवारीवाटेही. माझे साधन मैले होते. ते मैले आहे हे कोणत्याही सूत्राने मला सांगितले नसते. संगणकाने तेवढ्याच आत्मविश्वासाने उत्तर छापले होते, चार दशांश स्थळांपर्यंत.

मोजणीची डगमग आणि मोजायच्या गोष्टीचा स्वतःचा बदल यांचे ते गुणोत्तर अर्थशास्त्रज्ञांना मोजता येत नाही तेव्हा ते काय करतात, हे पाहायचे असेल तर हॉड्रिक आणि प्रेस्कॉट यांच्या फिल्टरसारखे उदाहरण नाही. देशाच्या उत्पन्नाची दीर्घकालीन चाल आणि तिच्यावरचे चढउतार वेगळे करण्यासाठी हा फिल्टर जगभर वापरला जातो. तिमाही आकड्यांसाठी त्यात १६०० हा आकडा टाकतात, आणि मी पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा हा कुठल्या तरी अवघड सिद्धांतातून आला असेल असे मला वाटले. तो असा आला आहे: चढउतार साधारण ५ टक्क्यांचा आणि मूळ चालीच्या वेगातला बदल तिमाहीला एक-अष्टमांश टक्क्याचा असे समजले, तर त्यांचे गुणोत्तर ४० येते आणि त्याचा वर्ग १६००. म्हणजे माझ्या तळ्यातले तेच गुणोत्तर, फक्त फळी न लावता ठरवलेले. याचा अर्थ ते चुकीचे आहे असे नाही; पण तो एक समज आहे आणि तो अनेकदा मोजमाप असल्यासारखा पुढे जातो. अर्थशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी २०१८ मध्ये हा फिल्टर कधीच वापरू नका अशा मथळ्याचा लेख लिहिला. मला तो मथळा थोडा जास्त कडक वाटतो, पण शेवटच्या काही तिमाहींबद्दल त्यांचे म्हणणे रास्त आहे: आलेखाच्या मध्यभागी फिल्टरला दोन्ही बाजूंचा आधार असतो, टोकाला फक्त एका बाजूचा, आणि धोरण ठरवणाऱ्याला नेमके टोकच हवे असते.

ऑर्फनाइड्स आणि व्हान नॉर्डन यांनी २००२ मध्ये अमेरिकेच्या आकड्यांवर हे तपासले तेव्हा निघाले की अर्थव्यवस्था तिच्या ताकदीच्या वर आहे की खाली, याच्या त्या-त्या वेळी काढलेल्या अंदाजात नंतर होणारी दुरुस्ती मूळ आकड्याएवढीच मोठी असते. आपल्या देशाच्या जीडीपीचेही जानेवारीच्या आरंभी पहिला आगाऊ अंदाज, फेब्रुवारी अखेर दुसरा, मे अखेर तात्पुरता आणि पुढची काही वर्षे सुधारित, अशी अनेक वर्षांची रीत आहे. टीव्हीवर मात्र पहिल्याच आकड्याच्या दशांशावरून रात्रभर भांडण चालते. नजरअंदाज पैसेवारीवर चावडीवर चालणारे भांडण त्यापेक्षा शहाणे असते, कारण तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते की हा आकडा रस्त्यावरून, गाडीत बसून पाहिलेला आहे.

अंदाज किती चांगला होऊ शकतो यालाही मर्यादा असते, आणि ती संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी १९४५ मध्ये, वयाच्या पंचविशीत, दाखवून दिली. स्वीडनच्या क्रामेर यांच्या नावासोबत ती आज प्रत्येक सिग्नल प्रोसेसिंगच्या पुस्तकात असते. विद्यार्थ्यांना ती रुक्ष वाटते. पण तिच्यामुळे मला एवढे कळले की या सेन्सरने, या लाटांत, दहा मिनिटांत मी मिलिमीटर मागू नये, आणि पुढची दोन रात्रींची जागरणे वाचली.

यंदा मी बाबांचा बांबूही हिशेबात घेतला आहे. तळे खोदल्यापासून त्यांनी अँगलशेजारी एक बांबू रोवून ठेवला आहे, त्यावर तांबड्या रंगाच्या खुणा आहेत, आणि ते काठावरून पाहून "दीड वीत उतरलं" असे सांगतात. एक वीत म्हणजे त्यांच्या हाताचे एकवीस सेंटीमीटर. अर्ध्या वितीच्या आत ते बोलत नाहीत, म्हणून त्यांच्या वाचनाला मी पाच सेंटीमीटरची डगमग धरली आहे. त्यामुळे रोजच्या अंदाजात बांबूचा वाटा अगदी थोडा पडतो, आणि हे ऐकल्यावर ते दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होते. मात्र ऊन तापल्याने बांबूची लांबी बदलत नाही आणि त्यावर खंड्या बसला तरी खूण जिथल्या तिथे राहते, म्हणून सेन्सर आणि बांबू एकाच दिशेने सलग आठवडाभर वेगळे पडले, तर मी आधी सेन्सर तपासतो. असे आतापर्यंत एकदाच झाले, आणि तेव्हा तापमापकाची तार उंदराने कुरतडलेली निघाली. बांबूची स्वतःची कलती चूक एकच आहे: तो दरवर्षी गाळात थोडा रुततो. किती, ते अजून मोजलेले नाही. मे अखेर पाणी गुडघ्याच्या खाली गेले की टेप घेऊन आत उतरायचे ठरले आहे, आणि टेप धरायला बाबाच येणार आहेत.